विंडोज परत येते; आपला संगणक परत येतो का?

‘मशीन फार स्लो झालंय, एकदा फॉरमॅट मारून घ्या,’ हा सल्ला गावोगावच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत रोज दिला जातो. तास-दोन तासांत कोरी विंडोज टाकलेला संगणक हातात मिळतो आणि तो सुरूही पटकन होतो. घरी आणल्यावर मात्र एकेक गोष्ट आठवू लागते. प्रिंटर ओळखला जात नाही. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड गेलेले असतात. टॅली लायसन्स मागते. दहा वर्षांपूर्वी टाइप केलेले सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त उघडावे, तर पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फोटो तेवढे जागेवर असतात, कारण ‘डी ड्राइव्हला हात लावत नाही’ हा शब्द दुकानदाराने पाळलेला असतो.

सध्या हा अनुभव नेहमीपेक्षा जास्त घरांत आणि कार्यालयांत येतो आहे. विंडोज १० साठीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्यांची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत ठेवण्यात आली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कोणी आहे त्याच यंत्रावर नवी विंडोज टाकून घेतो, कोणी नवा लॅपटॉप घेतो, तर कोणी लिनक्सकडे वळतो. वाट कोणतीही धरली, तरी जुन्या यंत्रात वर्षानुवर्षे बसवलेली घडी नव्यात परत कशी बसवायची, हा प्रश्न सगळ्यांपुढे सारखाच असतो.

एक संगणक, तीन थर

वापरातल्या संगणकात तीन वेगवेगळ्या गोष्टी नांदत असतात. पहिली म्हणजे आपण तयार केलेली सामग्री : फोटो, पत्रे, हिशेबाच्या फायली. दुसरी म्हणजे प्रोग्रॅम : वर्ड, टॅली, ब्राउझर, प्रिंटरचा ड्रायव्हर. आणि तिसरी म्हणजे त्या प्रोग्रॅमना आपण लावलेले वळण : सेटिंग, पासवर्ड, बुकमार्क, शब्दकोशात भरलेले शब्द, मराठी कीबोर्डची निवड, लायसन्स.

पहिला थर आकाराने सर्वांत मोठा असतो, पण त्याची नक्कल करणे सर्वांत सोपे. दुसरा थर बाजारातून किंवा इंटरनेटवरून पुन्हा आणता येतो. तिसरा थर आकाराने अगदी लहान, अनेकदा काही मेगाबाइटचा असतो. पण तो दुसरीकडे कुठेच मिळत नाही. त्याची आठवणही फॉरमॅटनंतरच होते, कारण रोजच्या वापरात तो कधी फाइल म्हणून डोळ्यांसमोर आलेलाच नसतो.

‘फॉरमॅट’ हा शब्दही आपल्याकडे तीन वेगळ्या कामांसाठी सरसकट वापरला जातो. चालू विंडोजवरच नवी आवृत्ती चढवली, तर ते अपग्रेड. त्यात तिन्ही थर सहसा शाबूत राहतात. विंडोजमध्येच असलेल्या ‘रिसेट’ सोयीत ‘माझ्या फायली ठेवा’ हा पर्याय निवडला, तर सामग्री राहते, पण बाहेरून आणून टाकलेले प्रोग्रॅम जातात. काढलेल्या प्रोग्रॅमची यादी विंडोज डेस्कटॉपवर ठेवून देते आणि पुढच्या कामात ती फार उपयोगी पडते. तिसरा प्रकार म्हणजे सी ड्राइव्ह पुसून पेनड्राइव्हवरून कोरी विंडोज टाकणे. दुकानात बहुतेक वेळा हेच होते आणि सी ड्राइव्हवरचे तिन्ही थर जातात. म्हणून यंत्र दुकानदाराच्या हाती देताना, यांपैकी नेमके काय करणार आहात, हे विचारून घ्यावे.

सेटिंग राहतात कुठे?

प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरात असतात, मग तो फोल्डर कॉपी करून ठेवला की झाले, असा एक समज आहे. प्रत्यक्षात नव्या विंडोजवर तो फोल्डर परत ठेवला, तरी त्यातले बहुतेक मोठे प्रोग्रॅम चालत नाहीत. प्रोग्रॅम बसवताना तो आपले सामान अनेक ठिकाणी विखरून ठेवतो. मुख्य फायली एका जागी, सामाईक फायली दुसऱ्या जागी आणि नोंदी ‘रजिस्ट्री’त.

रजिस्ट्री म्हणजे विंडोजची मध्यवर्ती नोंदवही. पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम आपली सेटिंग साध्या मजकूर फायलींत ठेवत असे. विंडोज ९५ पासून त्या जागी रजिस्ट्रीचा वापर सर्वदूर झाला. कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची, प्रिंटर कोणता, भाषा कोणती, लायसन्स कोणते, अशा असंख्य नोंदी तिच्यात असतात. विंडोज नवी टाकली की ही वही कोरी होते. जुनी वही नव्या विंडोजवर तशीच आणून बसवणे धोक्याचे असते, कारण तिच्यातल्या नोंदी जुन्या यंत्रणेच्या फायलींकडे बोट दाखवत असतात.

सेटिंगचे दुसरे घर म्हणजे वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरातला ‘ॲपडेटा’ हा फोल्डर. तो विंडोजने लपवून ठेवलेला असतो, त्यामुळे कॉपी करताना नजरेतून सुटतो. ब्राउझरची सगळी प्रोफाइल त्यात असते. वर्डला आपण शिकवलेले शब्द, म्हणजे लाल रेघ येऊ नये म्हणून ‘ॲड’ केलेली माणसांची आणि गावांची नावे, त्यातल्याच एका छोट्या फाइलमध्ये साठतात. स्क्रीनवर चिकटवलेल्या पिवळ्या ‘स्टिकी नोट्स’ही तिथेच असतात. अनेक जण त्या चिठ्ठ्यांवरच पासवर्ड आणि खाते क्रमांक लिहून ठेवतात, ही आणखी एक अडचण.

व्यवसायाच्या सॉफ्टवेअरचे तर याहून नाजूक. दवाखान्यातल्या रुग्णांच्या नोंदी, औषध दुकानातले बिलिंग, पतसंस्थेचे हिशेब यांचा डेटाबेस अनेकदा सी ड्राइव्हवर, ‘डॉक्युमेंट्स’च्या बाहेर असतो. टॅलीप्राइमचा डेटा ठरलेल्या सेटिंगप्रमाणे ‘युझर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरात जातो. वापरकर्त्याचे स्वतःचे फोल्डर क्लाउडवर चढवणाऱ्या सोयी तिथवर पोहोचत नाहीत. अशा सॉफ्टवेअरच्या फायली नुसत्या कॉपी करण्यापेक्षा त्याच्या मेनूतला ‘बॅकअप’ हा पर्याय वापरावा. चालू डेटाबेसची फाइल अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत कॉपी झाली, तर ती पुढे उघडेलच याची खात्री नसते.

ऑक्टोबर २०१८ चा धडा

फायली नक्की कुठे आहेत, याबाबतचा गोंधळ किती महाग पडू शकतो, हे एकदा खुद्द मायक्रोसॉफ्टच्या हातून दिसले. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० ची ‘१८०९’ ही आवृत्ती वितरित होऊ लागली. काही वापरकर्त्यांनी अपग्रेड केल्यावर ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’मधल्या फायली नाहीशा झाल्याच्या तक्रारी केल्या. काही दिवसांतच कंपनीला वितरण थांबवावे लागले.

पुढे कंपनीने कारण जाहीर केले. विंडोजमध्ये ‘डॉक्युमेंट्स’सारखा फोल्डर सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर किंवा वनड्राइव्हमध्ये हलवण्याची सोय आहे. अशा वेळी नव्या जागेचा फोल्डर वापरात येतो, पण जुन्या जागेचाही तसाच राहू शकतो आणि काहींच्या जुन्या फोल्डरात फायलीही उरलेल्या असतात. नको असलेले रिकामे जुने फोल्डर काढून टाकण्यासाठी नव्या आवृत्तीत एक सुधारणा केली होती. तिने जुने फोल्डर काढले, पण आत फायली आहेत की नाहीत, हे नीट पाहिले नाही. फायली गेल्याच्या तक्रारींचे प्रमाण एक टक्क्याच्याही शंभराव्या भागाइतके असल्याचे कंपनीने सांगितले. दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला पुन्हा आली. ज्यांच्या फायलींची दुसरी प्रत होती, त्यांचे नुकसान अर्थात झाले नाही.

दुसरी प्रत नसेल आणि फायली पुसल्या गेल्या, तर ‘रिकव्हरी’वाले त्या परत काढून देतात, अशी एक आशा असते. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर ती बरेचदा खरी ठरे, कारण तिथे पुसलेल्या फाइलची फक्त नोंद जाते आणि वर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर जागेवर राहतो. आताच्या एसएसडीचे तसे नाही. फाइल पुसली किंवा ड्राइव्ह फॉरमॅट केला की विंडोज एसएसडीला ‘ट्रिम’ नावाची सूचना देते आणि ते भाग मोकळे झाल्याचे कळवते. मग एसएसडी स्वतःच ते भाग आतून साफ करून ठेवते. त्यानंतर ती सामग्री मिळण्याची शक्यता फारच थोडी उरते. म्हणजे ज्या एसएसडीमुळे संगणक वेगवान झाला, तिनेच फॉरमॅटनंतरची ही वाट अरुंद केली आहे.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

‘माझे सगळे क्लाउडवर आहे,’ असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचे सगळे ‘सिंक’ झालेले असते. सिंक आणि बॅकअप यांतला फरक समजला, तर बरेच नुकसान टळते.

सिंक करणे म्हणजे दोन जागा एकमेकींसारख्या ठेवणे. हे काम हुशारीने करण्याची एक पद्धत ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ‘आरसिंक’ या प्रोग्रॅममधून पुढे आणली. मोठ्या फाइलमध्ये एकच ओळ बदलली, तर संपूर्ण फाइल पाठवायची गरज नाही. दोन्हीकडच्या फायलींचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यासाठी एक छोटा आकडा काढायचा, आकडे ताडून पाहायचे आणि जुळत नाहीत तेवढाच मजकूर पाठवायचा. मंद जोडणीवरही त्यामुळे दोन जागा एकसारख्या ठेवता येऊ लागल्या.

मात्र ‘एकसारख्या ठेवा’ हीच सूचना पाळली जाते, तेव्हा फाइल पुसणे हाही एक बदलच ठरतो. लॅपटॉपवर चुकून पुसलेला फोल्डर क्लाउडवरूनही जातो आणि त्याच खात्याशी जोडलेल्या दुसऱ्या संगणकावरूनही. खंडणीखोर सॉफ्टवेअरने कुलूपबंद केलेली फाइलही तितक्याच तत्परतेने ‘ताजी प्रत’ म्हणून वर चढते. बॅकअपचे काम याच्या उलट असते. तो एका विशिष्ट दिवसाची अवस्था धरून ठेवतो आणि नंतर घडलेल्या चुका तिच्यापर्यंत पोहोचू देत नाही. गूगल ड्राइव्ह आणि वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये पुसलेल्या फायली ३० दिवस कचरापेटीत राहतात. तेवढाच त्यांचा आधार. एकतिसाव्या दिवशी आठवण झाली, तर उपयोग नाही.

सिंकची आणखी एक गंमत फॉरमॅटच्या वेळी अंगाशी येते. वनड्राइव्हमध्ये काही फायलींपुढे ढगाची खूण दिसते. याचा अर्थ संगणकावर फक्त नाव आहे, मजकूर क्लाउडवर आहे. दुकानदाराने डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडून कॉपी केली, तर या फायलींची नावेच हाती येतात. उलट बाजूने, जागा भरल्यामुळे सिंक महिनोन्‌महिने अडकून पडलेले असू शकते. वनड्राइव्ह मोफत ५ जीबी आणि गूगल १५ जीबी जागा देते. ती संपल्यावर नवी फाइल वर जात नाही. लाल खुणेकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. फॉरमॅटपूर्वी दुसऱ्या एखाद्या यंत्रावरून किंवा मोबाइलवरून खाते उघडून कालची फाइल तिथे दिसते का, हे पाहणे हाच भरवशाचा उपाय.

विंडोजमधले ‘विंडोज बॅकअप’ काय आणते, हेही माहीत असावे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओ आणि म्युझिक हे फोल्डर, काही सेटिंग, वाय-फायचे पासवर्ड आणि ॲपची यादी ते मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवते. नवी विंडोज टाकताना त्याच खात्याने आत शिरले, की हे सारे परत मागवता येते. ‘डाउनलोड्स’ फोल्डर मात्र त्यात नसतो आणि बँकेची स्टेटमेंट, तिकिटे, दाखले बहुतेकांकडे तिथेच साठलेले असतात. ॲपपैकी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप परत बसवता येतात. इतर प्रोग्रॅमची जागा फक्त खुणेपुरती राखली जाते, ते पुन्हा उतरवून घ्यावे लागतात.

किल्ली कपाटातच राहिली तर?

काही गोष्टी कॉपी करूनही परत येत नाहीत, कारण त्या मुद्दाम यंत्राशी बांधलेल्या असतात. क्रोम किंवा एजने जतन केलेले पासवर्ड विंडोजच्या वापरकर्ता खात्याशी जोडलेल्या किल्लीने कुलूपबंद केलेले असतात. चोराने फाइल पळवली, तरी ती त्याला दुसऱ्या यंत्रावर वाचता येऊ नये, हा हेतू. पण नवी विंडोज टाकल्यावर तेच नाव आणि तोच पासवर्ड ठेवला, तरी आतून ते खाते नवे असते. मग प्रोफाइल फोल्डर जपून ठेवलेला असला, तरी मालकालाही पासवर्ड वाचता येत नाहीत. त्यासाठी आधीच ब्राउझरचे सिंक सुरू असावे लागते किंवा पासवर्ड ‘एक्स्पोर्ट’ करून घ्यावे लागतात. एक्स्पोर्टची फाइल कुणालाही वाचता येते. काम झाल्यावर ती पुसून टाकणे विसरू नये.

यातूनच सर्वांत त्रासदायक पेच उभा राहतो. क्लाउडवरचे सामान परत आणायला खात्याचा पासवर्ड हवा आणि तो पासवर्ड होता पुसलेल्या ब्राउझरमध्ये. किल्ली कपाटात ठेवून कपाट ओढून घेण्यातला हा प्रकार. मुख्य ईमेल खात्याचा पासवर्ड आणि आणीबाणीचे कोड कागदावर लिहून घरात सुरक्षित जागी ठेवणे, हा जुना उपाय इथे आजही चांगला आहे. त्या खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हेही पाहून घ्यावे.

त्याच कागदावर बिटलॉकरची किल्लीही असावी. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने संगणक सुरू केला, तर डिस्क आपोआप कुलूपबंद होण्याची शक्यता असते. तिची ४८ अंकी किल्ली बहुधा त्याच खात्यात जमा होते. मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली, की ती मागितली जाते. ती नसेल, तर डिस्क धडधाकट असूनही आतले काही मिळत नाही.

लायसन्सचे प्रकारही वेगवेगळे असतात. विंडोज आपले लायसन्स यंत्राच्या ओळखीवरून बहुधा स्वतःच ओळखते. टॅलीचे लायसन्स मात्र फॉरमॅटपूर्वी ‘सरेंडर’ करावे लागते, म्हणजे नव्या ठिकाणी ते विनासायास सुरू करता येते. जीएसटी किंवा आयकराच्या कामासाठी लागणारी डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असते. तिची गुप्त किल्ली टोकनच्या बाहेर येतच नाही, त्यामुळे फॉरमॅटने सहीला धक्का लागत नाही. फक्त टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो आणि टोकनचा पिन आठवावा लागतो.

मराठी अक्षरांची वेगळी गोष्ट

मराठीत काम करणाऱ्यांना फॉरमॅटनंतर एक जादा त्रास होतो. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. म्हणजे फाइलमध्ये साठत ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. स्क्रीनवर मराठी दिसत ते फाँटच्या कृपेने. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम अशा सॉफ्टवेअरवर महाराष्ट्रातील छापखाने, वृत्तपत्रे आणि सरकारी कार्यालये वर्षानुवर्षे चालली. फाँट नसलेल्या यंत्रावर अशी फाइल उघडली, की तीच खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. तिचा फाँट मागे राहिलेला असतो.

म्हणून फाँटचा फोल्डर वेगळा कॉपी करावा. सध्याच्या विंडोजमध्ये फाँट दोन ठिकाणी असू शकतात : सर्वांसाठीचे ‘विंडोज’मधल्या ‘फाँट्स’ फोल्डरात आणि एकाच वापरकर्त्यासाठी टाकलेले ‘ॲपडेटा’च्या आत. मंगल हा परिचित फाँटही विंडोज १० पासून प्रत्येक यंत्रावर आपोआप असतोच असे नाही. देवनागरीच्या पूरक फाँटचा संच सेटिंगमधून जोडून घ्यावा लागतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये पूर्वीपासून आहे आणि २०१९ पासून मराठीचा उच्चारानुसारी, म्हणजे फोनेटिक कीबोर्डही त्यात आला आहे. पूर्वी अनेक जण वापरत ते संगणकावरचे गूगल इनपुट टूल्स आता कंपनीकडून मिळत नाही. त्याच्या शोधात अनोळखी संकेतस्थळांवरून काही उतरवून घेण्यापेक्षा विंडोजमधल्या कीबोर्डची सवय केलेली बरी. जुन्या फाँटमधल्या महत्त्वाच्या फायली, फाँट हाताशी आहे तोवरच, युनिकोडमध्ये बदलून ठेवल्या, तर पुढच्या फॉरमॅटला हा प्रश्न उरणार नाही.

यादीवरून संगणक

प्रोग्रॅमच्या थरासाठी संगणकशास्त्राने एक सुटसुटीत कल्पना दिली आहे. प्रोग्रॅम जपून ठेवू नका, त्यांची यादी जपा. लिनक्सच्या जगात ही पद्धत जुनी आहे. तिथे बहुतेक प्रोग्रॅम एकाच भांडारातून येतात, त्यामुळे बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी एका आज्ञेने फाइलमध्ये काढता येते आणि नव्या यंत्रावर ती वाचून सगळे परत बसवता येते. वापरकर्त्याची सामग्री आणि सेटिंग ‘होम’ या फोल्डरात असतात. त्यासाठी डिस्कचा वेगळा भाग राखला असेल, तर लिनक्स पुन्हा टाकतानाही त्याला हात लावावा लागत नाही.

विंडोजमध्येही मे २०२१ मध्ये ‘विंगेट’ची पहिली पूर्ण आवृत्ती आली. त्याची एक्स्पोर्ट आज्ञा ओळखीच्या प्रोग्रॅमची यादी करून देते आणि इम्पोर्ट आज्ञा त्या यादीवरून ते उतरवून बसवते. खास कंपन्यांकडून घेतलेली, लायसन्स असलेली सॉफ्टवेअर त्यात सहसा नसतात. ती हातानेच टाकावी लागतात. आज्ञा देण्याची सवय नसेल, तर ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’च्या यादीचे मोबाइलने काढलेले फोटोही काम भागवतात.

ही कल्पना आणखी पुढे नेण्याचे काम नेदरलँड्समधील युट्रेक्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी केले. २००६ मध्ये त्यांनी पीएचडीच्या प्रबंधात मांडलेल्या ‘निक्स’ पद्धतीतून पुढे आलेल्या निक्सओएस या लिनक्सच्या प्रकारात प्रोग्रॅम आणि यंत्रणेची सेटिंग हे दोन्ही थर मजकुरात लिहून ठेवता येतात. त्या वर्णनावरून तसेच दुसरे यंत्र पुन्हा घडवता येते. घरगुती वापरकर्त्यासाठी हे अजून अवघड आहे. पण काय बसवले आणि काय बदलले याची लेखी नोंद ठेवण्याचे तत्त्व साध्या वहीतही पाळता येते.

परत आणून पाहिलेला बॅकअप

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ‘३-२-१’ नियम आज सर्वत्र सांगितला जातो : सामग्रीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. यात एक भर घालायला हवी : प्रत काढली, तर ती एकदा उघडून पाहावी.

‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत असताना, १९९८ मध्ये, पिक्सारच्या यंत्रणेत चुकीची आज्ञा दिली गेली आणि चित्रपटाच्या फायली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता आणि ते तोवर कुणाच्या ध्यानात आले नव्हते. गॅलिन सुसमन या बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यासाठी त्यांच्या घरच्या संगणकावर ठेवलेल्या प्रतीमुळे बरेचसे काम परत मिळाले.

आपल्याकडचे उदाहरण अधिक गंभीर आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला. रुग्णांची नोंदणी, दाखल करणे, घरी सोडणे ही कामे कागदावर करावी लागली. बाधित न झालेल्या एका बॅकअप सर्व्हरवर ई-हॉस्पिटलचा डेटा सुरक्षित होता, तो नव्या सर्व्हरवर आणला गेला. तरीही बहुतेक कामे पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाला तगवले ते मूळ यंत्रणेपासून वेगळ्या राहिलेल्या एका प्रतीने. तालुक्याच्या गावातल्या एका खोलीच्या दवाखान्यासाठी हे काम एक बाहेरची हार्ड डिस्क करू शकते. मात्र बॅकअप झाल्यावर ती संगणकापासून काढून ठेवली पाहिजे. कायम जोडलेली डिस्क हल्ल्याच्या वेळी संगणकाबरोबरच कुलूपबंद होते.

चौकट : फॉरमॅटच्या आधी आणि नंतर

आधी :

• डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर कॉपी करावेत. शक्य असेल, तर संपूर्ण ‘युझर्स’ फोल्डर घ्यावा, म्हणजे लपलेला ‘ॲपडेटा’ही येतो.

• टॅली, दवाखाना किंवा दुकानाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप त्याच सॉफ्टवेअरमधून घ्यावा. लायसन्स सरेंडर करावे.

• ब्राउझरचे सिंक पूर्ण झाल्याचे दुसऱ्या यंत्रावर तपासावे.

• मुख्य ईमेलचा पासवर्ड, आणीबाणीचे कोड आणि बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहावी.

• फाँट कॉपी करावेत. प्रोग्रॅमची यादी आणि प्रिंटरचे मॉडेल लिहून ठेवावे.

• बाहेरच्या डिस्कवरच्या पाच-सहा फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. मगच यंत्र दुकानात द्यावे.

नंतर :

• आधी विंडोज अपडेट आणि ड्रायव्हर, मग प्रोग्रॅम, त्यानंतर सेटिंग आणि शेवटी सामग्री, असा क्रम ठेवावा. जुना ‘ॲपडेटा’ सरसकट परत ठेवू नये. हवे तेवढेच उचलावे.

• प्रोग्रॅम मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावेत.

• सी ड्राइव्हवर ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर दिसला, तर राहिलेल्या फायली त्यात शोधाव्यात. विंडोज तो बहुधा दहा दिवसांनी स्वतःच काढून टाकते.

• बाहेरची डिस्क निदान महिनाभर पुसू नये. काय राहिले, हे बहुतेक वेळा वीजबिल भरताना, विवरणपत्र दाखल करताना किंवा एखाद्या जुन्या रुग्णाची नोंद शोधताना लक्षात येते.